सरिताचं घरी बसलेलं वर्ष

सरिताला एक वर्ष थांबायला मी लावलं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून लोक उगाच तिच्या बापाला शिव्या घालतील.

मी रजनी साळवी, मूळची चिपळूणची. चौऱ्याऐंशी साली सिल्वासाच्या सरकारी शाळेत इंग्रजी शिकवायला आले. सरिता माझ्या हाती लागली आठवीत. तिचे वडील समाधान धुळ्याकडचे, इथल्याच पिपरिया भागातल्या एका धाग्याच्या कंपनीत मशीनवर. पोरगी हाती येईल तो कागद वाचायची, अगदी भेळीचासुद्धा. आणि भांडायची. "बाई, नियमात असं कुठे लिहिलंय?" हे मी तिच्या तोंडून शंभरदा ऐकलं असेल. ती वकील होणार हे मीच ठरवून टाकलं होतं.

पंच्याण्णव साली बारावीनंतर तिने बंगळूरच्या लॉ कॉलेजची प्रवेश परीक्षा दिली आणि चार गुणांनी हुकली. वलसाडला एका साध्या कॉलेजात कायद्याला जागा मिळत होती. फी भरायची मुदत शनिवारपर्यंत. मी गुरुवारीच त्यांच्या खोलीवर जाऊन थडकले. एक वर्ष थांब आणि बंगळूरची परीक्षा पुन्हा दे, म्हटलं. माझ्या शाळेत पहिली आलेली मुलगी वलसाडला जाणार? मला ते सहनच होईना.

"मी वलसाडला जाते, बाई," सरिता म्हणाली. "मुलगा थांबला तर अभ्यास करतोय म्हणतात. मुलगी थांबली की घरी बसली म्हणतात."

"मी आहे ना," मी म्हटलं. केवढा तोरा होता त्या तीन शब्दांत.

समाधान हात जोडून म्हणाले, "आमले काय समजस, बाई? तुम्ही सांगशात तसं." शनिवार गेला.

पंधरा दिवसांत ती वडिलांच्याच कंपनीत लागली. शेजारचा सुकदेव त्याच कंपनीत मुकादम होता. पॅकिंगमधली चंदा बाळंतपणाला गावी गेली होती आणि तिचं हजेरी कार्ड चालू ठेवायला कुणीतरी हवं होतं. तिथे हे रोजचंच. कार्ड एकीचं, राबणार दुसरीच, आणि साहेबाला सगळं ठाऊक. सरिता बारा तास चंदा म्हणून उभी राहायची. चंदा म्हणून हाक आली की ओ द्यायची.

मी तणतणत भांडायला गेले. समाधानांनी मान वर केली नाही. "पोर घर बठली का नातेवाईक स्थळं आणतस, बाई. कामवर शे म्हणीसन गप शेतस." कामावर दिसली की नातेवाईक गप्प, घरी बसली की स्थळं. हे सरिताने मला आधीच सांगितलं होतं. आपली अक्कल कुठे शेण खायला गेली होती कोण जाणे.

रविवारी दुपारी ती माझ्याकडे यायची. खोक्यांच्या पट्ट्यांनी बोटं कापलेली. पेपर सोडवायची, चुकला की स्वतःवरच संतापायची. माझ्याशी कामापुरतं बोलायची. पुढच्या वर्षी एकवीस गुण जास्त पडले आणि बंगळूरला नाव लागलं. मी शाळेत पेढे वाटले.

प्रवेशाला गॅप सर्टिफिकेट हवं होतं. मधल्या वर्षात काय केलं, ते स्टॅम्पपेपरवर शपथेने लिहून द्यायचं. आम्ही तिघं कोर्टाजवळ श्रीकांत टायपिस्टकडे गेलो. त्याने ठरलेला मजकूर टाइप करून दिला. "या काळात मी घरीच राहून अभ्यास केला, कुठेही नोकरी केली नाही."

सरिताने तो तीनदा वाचला. "हे खोटं आहे. मी रोज बारा तास उभी होते. खोडा हे."

श्रीकांत हसला. "अगं, सगळेच हे देतात."

समाधानांचा चेहरा उतरला. खरं लिहिलं आणि ते कुणी कंपनीला दाखवलं, तर सगळं ठाऊक असूनही साहेब हात झटकणार, चंदाचं कार्ड जाणार, त्यांचं कामही जाणार. गाडी परवाची होती. मी खेकसले, "सही कर. एवढं कोण वाचतंय?"

"मी वाचते," ती म्हणाली. मग बापाकडे पाहिलं आणि सही केली.

बाहेर आल्यावर ती माझ्यासमोर उभी राहिली. आवाज चढला नव्हता. "पाच वर्षांनी मी त्या पॅकिंगच्या बायकांची केस घेऊन याच कोर्टात उभी राहिले, तर समोरचा वकील हाच कागद काढेल, बाई. मी तिथे नव्हतेच, असं शपथेवर लिहून दिलंय मी."

ती बापाला घेऊन चालायला लागली. मी तिथेच राहिले. जन्मभर दुसऱ्यांवर चिडत आले, आणि आता राग काढायला माझ्याशिवाय कुणीच नव्हतं.