शिवलेली कार्डं

लिहायला बसलो आहे खरा, पण हे आपलं काम नव्हे असं सारखं वाटतं. आमच्या घरात पुस्तकं रोज येत, ती शिवायला. ती वाचणारं कुणी नव्हतं, मग लिहिणारं कुठून असणार? कॉलेजची पायरी चढलेला घरातला मी पहिला. तेव्हा कुठे अडखळलो तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

अब्बांचं बाइंडिंगचं दुकान कोल्हापुरात होतं. घरी आम्ही आमची दखनी बोलायचो, पण दुकानात बसलं की अब्बा पक्के कोल्हापुरी. मी संख्याशास्त्राचा अधिव्याख्याता झालो तरी कॉलेजला जाता-येता दुकानात टेकायची सवय सुटली नाही.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. विद्यापीठानं नव्या अधिव्याख्यात्यांसाठी एक फेलोशिप काढली. निवड झाली तर वर्षभर पुण्याला राहून संगणकावर संशोधन करायचं, आणि पगार चालू. अट एकच, नोकरीला पाच वर्षांपेक्षा जास्त झालेली नकोत. माझं पाचवं चालू होतं.

विषय मला दुकानातच सापडला होता. गडमुडशिंगीच्या एका शाळेची जुनी हजेरीपत्रकं अब्बांकडे पुन्हा बांधायला आली होती. चाळताना दिसलं, गुऱ्हाळं सुरू झाली की हजेरी घसरते. कोणत्या वर्गाची किती, मुलींची किती, हे संगणकावर मांडायचं ठरवलं. हेडमास्तरांची परवानगी घेऊन आकडे वह्यांत उतरवले. मग सुट्टीत पुण्याच्या एका संस्थेत बसून, एका महिन्याच्या एका वर्गाला एक, अशी चारशेच्या आसपास कार्डं पंच केली. संगणकाला आकडा कळतो तो कार्डावरच्या भोकाच्या जागेवरून. त्या यंत्रातून कार्डावर अक्षरं उमटत नव्हती, नुसती भोकं.

वह्यांशी ताडून पाहायला कार्डं घेऊन कोल्हापूरला आलो. पुढच्या सोमवारी पुण्यात संगणकाची वेळ मिळाली होती आणि त्याच आठवड्यात कोल्हापूरच्या विद्यापीठात फेलोशिपची मुलाखत. अब्बांना कार्डं दाखवली तेव्हा दुकानात बसलेले शेजारचे शिंपीकाका म्हणाले, "काय ओ मास्तर, भोकं पाडायचा पगार देत्यात व्हय तुमास्नी?"

अब्बा हसले. "भोकंच पाडायची हुती तर मला सांगायचं की. दाभण हाय माझ्याकडं."

शुक्रवारी ताडणं संपलं. मला तासाला उशीर होत होता, म्हणून कार्डांचा गठ्ठा दुकानात ठेवून मी कॉलेजला गेलो. संध्याकाळी परतलो तर गठ्ठा पुस्तकं दाबायच्या शिकंज्यात आवळलेला. चार भाग, प्रत्येकाला पुठ्ठा, पाठीला लाल कापड, डाव्या कडेला दाभणानं टोचून पक्की शिवण.

"सुट्टी पानं घिऊन पुण्याला चालल्यालास," अब्बा म्हणाले. "एस्टीत इस्कटली असती. बग कसं झालंय."

मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. त्यातलं एक वाक्य होतं, "तुम्हाला कळत नाही तर हात कशाला लावता?" कार्डाच्या डाव्या घरांत वर्ष आणि महिना होता. दाभणाची भोकं नेमकी तिथे पडली होती.

अब्बा उठले. शिकंजा सैल केला, चाकूनं एकेक टाका तोडला, कापड सोडवलं. मग हळूच म्हणाले, "खळ लावून बुजवू?"

"नाही चालत अब्बा."

रविवारी मी तशीच कार्डं घेऊन पुण्याला निघालो. सोमवारी तिथल्या पंचिंगच्या बाईंना कार्डं दाखवली. त्यांनी एक उजेडात धरलं आणि म्हणाल्या, "कोरं कार्ड लावा. पहिली घरं हातानं मारा, बाकीची भोकं यंत्र जशीच्या तशी उतरवून घेईल. पण कुठलं कार्ड कुठल्या महिन्याचं, ते माहीत आहे ना?"

तेव्हा मला कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलीचा बारीक आकडा दिसला. एक, दोन, तीन, थेट शेवटपर्यंत. शिवण्याआधी पानांवर असे आकडे घालायची अब्बांची रीत होती. त्याशिवाय ते दाभण हातात घेत नसत. माझ्या वहीतल्या ओळी त्याच क्रमानं होत्या. पहिलं कार्ड म्हणजे पहिली ओळ. दुपारपर्यंत मी वही बघून घरं मारत राहिलो. दिलेली वेळ संपली तेव्हा निम्म्याच वर्षांचा निकाल हातात आला होता.

मुलाखतीत एका वयस्क प्राध्यापकांनी तो निकाल उलटून पाहिला. "निम्माच का?"

यंत्र बिघडलं म्हणावं, असं मनात येऊन गेलं. पण पिशवीत जुनी कार्डं होती. ती टेबलावर ठेवली आणि घडलं ते सांगितलं. दोघे-तिघे हसले. ते प्राध्यापक मात्र कोपऱ्यातले आकडे बघत होते.

"हे कुणी घातले?"

"वडिलांनी."

"तुम्ही का नव्हते घातले?"

"चुकलं सर," म्हणालो, "इथून पुढं घालीन."

त्या संध्याकाळी दुकानात जाऊन अब्बांना आकड्यांची गोष्ट सांगितली. माफी मागायचं ठरवून गेलो होतो, ते शब्द काही आले नाहीत. अब्बा एवढंच म्हणाले, "मग? आकडं तर घालायलाच लागत्यात की." पुढे कित्येक आठवडे काहीच कळलं नाही. पाचवं वर्ष संपत आलं. अब्बा रोज विचारायचे, "आलं काय?" आणि मी मान हलवायचो.

एके दिवशी मी वर्गात फळ्यावर लिहीत होतो. मुलं एकदम गप्प झाली म्हणून वळलो, तर दारात अब्बा. कॉलेजात ते कधीच आले नव्हते. हातावर खळ वाळलेली, चपला दाराबाहेर काढलेल्या.

"इद्यापीठाचा शिपाई आलता, रजिस्टरं बांधायला घिऊन," ते म्हणाले. आवाज मोठाच होता, सगळ्या वर्गानं ऐकलं. "नोटीस लागलीया म्हणं. तुजं नाव हाय त्यात. दोनदा इच्यारलं मी त्येला."