सगळी दारं सारखी

बांधकाम संपलं की उरलेली खडीसुद्धा कोणीतरी उचलून नेतं. किस्से मात्र तिथंच पडून राहतात. भिंगारच्या आमच्या तीन मजली इमारतीचा मी ओव्हरसियर. पुढं तिथंच वरच्या मजल्यावर राहायला गेलो. बायको इमारत पुरी होण्याआधीच वारली. त्यामुळे किस्से पुष्कळ, ऐकायला कोणी नाही!

*

आर्किटेक्ट मुंबईचे. काँक्रीट, सपाट छत, सरळ रेघा. पण गॅलरीच्या दगडी जाळ्या इथल्याच पाथरवटांनी घडवायच्या, हा त्यांचा हट्ट. "कारागिरी तुमची, पण सगळं अगदी एकसारखं हवं!"

लक्ष्मण पाथरवट म्हणाला, "सायेब, मग मान्सानं आपलं घर वळखायचं कसं?"

साहेब हसले. त्यांना कुठं इथं राहायचं होतं!

*

पहिल्याच आठवड्यात कुलकर्णी कारकून एक मजला अलीकडेच थांबले आणि जाधवांच्या घरात शिरले. टोपी खुंटीला लावली, पेपर उघडला. जाधवबाईंनी नवऱ्याचे पाहुणे समजून चहा दिला.

पेपरातून डोकं न काढता कुलकर्णी म्हणाले, "रेशनला आज साखर बरी मिळाली गं!"

*

ख्रिस्ती मास्तरांनी दारावर नाताळची चांदणी टांगली, ती पाडवा आला तरी काढेनात. विचारलं तर म्हणाले, "राहू द्या हो, घर सापडतं!"

मग बायकांनी कुठं तोरण लावलं, कुठं कुंकवाची बोटं उठवली. माझ्या दाराला काय लावायचं ते सांगणारीच नव्हती. एकटेपणा फार जड जायचा. संध्याकाळी मी कडी लावत नसे. चुकून तरी कोणी यावं!

*

आणि आलं! माझ्या खालच्याच मजल्यावरच्या दगडूची आई तिसगावहून पहिल्यांदाच आलेली. भाजी घेऊन परतताना म्हातारी एक मजला जास्त चढली आणि थेट माझ्या चुलीपाशी बसली.

पाठमोरीच म्हणाली, "कवा आलास? खाल्लं का न्हाई काई?"

"नाही," मी म्हणालो. खरंच होतं ते.

तिनं पिठलं ढवळलं, भाकरी थापली, ताट पुढं सरकवलं. मी मान खाली घालून बसलो. बोललो तर उठून जाईल, एवढीच भीती. दुसरा घास घेतला, तोच खालून दगडूची हाक आली, "आये, कुठं गेलीस?"

माझा हात ताटातच थांबला.

म्हातारीनं तव्यावरची भाकरी उलटली आणि जिन्याकडं तोंड करून ओरडली, "आले रं! ह्याचं जेवान हुंदे आदी!"