टॅपेट कव्हरखालचा गाळ

पहिला फटका सुमेधच्या खांद्यावर बसला, दुसरा कानावर. देवीदासच्या हातात जुना फॅनबेल्ट होता. घमापूर वस्तीतल्या त्याच्या गॅरेजात तो खिळ्याला टांगलेला असे, आणि तो कुठल्याच गाडीसाठी नाही हे घरातल्या तिघांनाही ठाऊक होतं. जेवणाचा डबा घेऊन आलेली सुमेधची आई, कुंदा, दारातच थांबली.

सुमेध टॅक्सीतून भेडाघाटला पर्यटक नेई. त्या दिवशी परतताना वाटेतच इंजिन जाम झालं. ओढून आणलेल्या गाडीचं इंजिनावरचं झाकण, टॅपेट कव्हर, बापाने, देवीदासने, उघडलं, तर आत तेल कुठलं? काळा, चिकट गाळ, बोटाने खरवडून काढावा असा. खाली तेल साठतं त्या चेंबरातली जाळी त्याच गाळाने बुजली होती. तेल वर चढलंच नव्हतं.

देवीदास लहानपणापासून गॅरेजात वाढला. चूक झाली की उस्ताद बोटांवर पाना मारायचा. डाव्या हाताची करंगळी तेव्हापासून वाकडी. ते तो कौतुकाने सांगे. मार खाल्ल्याशिवाय हाताला काम येत नाही, असं त्याचं पक्कं मत. रविवारी पांढरा सदरा घालून विहारात जाई, डोळे मिटून शांत बसे, आणि सोमवारी भाजीत मीठ कमी पडलं म्हणून ताट भिंतीवर फेकी. असंच एक ताट तोंडावर बसून कुंदाचे दोन दात गेले होते.

पण तिला भीती वाटत होती ती वेगळीच. मागच्या वर्षी टॅक्सी स्टँडवर रांगेतल्या नंबरावरून भांडण झालं आणि सुमेधने एका ड्रायव्हरचा जबडा फोडला. मारण्याआधी त्याने खालचा ओठ दातांखाली दाबला होता, अगदी देवीदास दाबतो तसा. कुंदाने ते डोळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून ती एकच गोष्ट मनात धरून होती: पोराचा हात घरात कुणावर उठू नये. एकदा उठला की तो थांबायचा नाही.

"तेल बदललं नाहीस, म्हणून झालं हे," देवीदास म्हणाला.

सुमेध म्हणाला, कंपनीनेच इंजिन तसं बनवलंय. चेंबर एवढंसं, जाळी बारीक, वाफ बाहेर जायची नळी अरुंद.

"कंपनी का तुह्या घरी येऊन तेल बदलून देईन बे?" तिसरा फटका.

"तुमच्याच हिशेबानं चालून राहिलो ना, पापा. दहा हजार किलोमीटरला बदलायचं म्हणाले होते तुम्ही. हुए ही नहीं अब तक. मीटर देख लो."

देवीदासने वाकून मीटर पाहिला. खरंच झाले नव्हते. लोक नावेत बसून संगमरवराचे कडे बघून यायचे, तोवर गाडी थंड राहावी म्हणून सुमेध एसी लावून इंजिन चालूच ठेवी. तासन् तास. इंजिन तापत होतं, तेल जळत होतं, आणि मीटरचा आकडा जागचा हलत नव्हता. देवीदासचा हिशेब मात्र जवळच्या पाटणच्या मंडईत माल नेणाऱ्या, दिवसभर पळणाऱ्या ट्रकांवरून बसवलेला होता.

हे त्याला कळलं. त्याच्या चेहऱ्यावरून कुंदालाही कळलं. आणि कळलं म्हणूनच त्याने बेल्ट टाकून चाकाचा पाना उचलला.

सुमेधने त्याचं मनगट धरून पिरगाळलं. पाना पोराच्या हातात आला. खालचा ओठ दातांखाली गेला. घाव बापाच्या दंडावर पडला आणि वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. देवीदास बंपरवर आदळून खाली बसला. कपाळातून रक्त आलं. पाना पुन्हा वर गेला.

कुंदा डबा टाकून मध्ये येऊन उभी राहिली. तिने त्याचा हात धरला नाही. धरून उपयोग नव्हता.

"आता मले मार," ती म्हणाली. "मंग मारायले घरात कोणी उरत नाही."

पाना बराच वेळ वरच राहिला. मग सुमेधने तो गाडीच्या काचेवर घातला. चुरा कुंदाच्या केसांत आला.

दवाखान्यात देवीदास डॉक्टरांना म्हणाला, जॅक सटकला. कुंदा म्हणाली, पोराने मारलं, आणि त्याआधी यांनी पोराला मारलं, दोन्ही लिहा. देवीदासने मान फिरवली.

बाहेर सुमेध भिंतीला टेकून उभा होता. तिने त्याला त्याच कपड्यांत बसस्टँडवर नेलं. बालाघाटला तिचा भाऊ राहत होता.

"आई, मी पापांसारखाच आहे का?" बसच्या खिडकीतून त्याने विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "पण दुसऱ्यांदा मारलं नाहीस."

एवढ्यावर भरवसा ठेवायचा की नाही, ते तिला बस सुटली तरी ठरवता आलं नाही.