लताभाभींचा रकाना

लताभाभींना सोन्याची काडीचीही हौस नव्हती, तरी महिन्यातून दोनदा त्या सराफ बाजारात जायच्या. पिंप्राळ्याहून रिक्षा करायची, एका अरुंद जिन्याच्या पायरीवर बसायचं आणि अर्ध्या-पाऊण तासानं उठून घरी यायचं. त्या जिन्याच्या वर बंगाली कारागिरांची खोली होती. मान खाली घालून दागिने घडवता घडवता ते आपापसांत बोलत, ते खाली ऐकू येई. गल्लीत कुजबुज व्हायचीच, पाटलांची सून तिथे बसून करते काय? मी एकदा बांगडीला डाग द्यायला गेले होते, तेव्हा मला त्या तिथे सापडल्या. विचारलं तर लाजल्या. म्हणाल्या, "काही नही म्याडम, कानले बरं वाटस."

मला वाटलं, बाईला नाद आहे एकेक. मी पडले मास्तरीण. माणूस बघितला की त्याचं सगळं आपल्याला कळतं, असा तेव्हा माझा समज होता. भाभींना जाऊन आता तीन वर्षं होतील, कावीळ झाली आणि आठ दिवसांत गेल्या. त्यांच्याबद्दल लिहायचं तर माझ्या त्या समजाबद्दलही लिहावं लागणार, त्याला इलाज नाही.

मी मूळची चाळीसगावची. लग्नानंतर पिंप्राळ्यात आले, तेव्हा गल्ली बघून गंमत वाटली होती. समोर यावलकडचे लेवा पाटील, त्यांना लागून सिंधी, कोपऱ्यावर राजस्थानातून तीन पिढ्यांपूर्वी आलेले मारवाडी. मागच्या गल्लीत उर्दू बोलणारी दहा-बारा घरं, आणि वरच्या मजल्यावर केरळची एक नर्स. आमच्या शेजारचे दुसरे पाटील म्हणजे भाभींचं सासर, मूळचं सोनगीरजवळच्या खेड्यातलं. घरात अक्का, म्हणजे सासूबाई, डाळ मिलमध्ये कामाला जाणारे सुधाकरभाऊ, एक मुलगा आणि भाभी. अहिराणी इतकी अस्सल बोलायच्या की माझी त्यांच्यापुढे शहरी वाटायची.

संध्याकाळी ओट्यावर भाजी निवडताना त्यांचा एक खेळ असायचा. कुठल्याही घरातून भांडणाचा आवाज आला की कान टवकारायच्या. सिंधी घर मुलाला सिंधीत रागवतंय, मारवाडीण मारवाडीत. वरची नर्स एरवी झकास मराठी बोलायची, पण फोनवर बहिणीशी भांडायची ती मल्याळममध्येच. भाभी मान डोलावून म्हणायच्या, "रागमां मानूस आपलीच भाषामां बोलस." मी एकदा थट्टेनं विचारलं, मग तुम्ही कशात रागावता हो? मेथीची जुडी सोडत त्या म्हणाल्या, आपण रागावतच नाही. आणि खरंच, एवढ्या वर्षांत त्यांचा चढलेला आवाज मी कधी ऐकला नाही. तेव्हा मला तो त्यांचा गुण वाटला होता.

मागच्या जनगणनेला मला आमचाच भाग मिळाला. शाळा सांभाळून दारोदार फिरायचं, उन्हात पायांचे तुकडे पडायचे. मग आम्ही सगळेच जे करतो तेच मी केलं. ओळखीच्या घरांचे कागद घरी बसून, चहा पीत भरून टाकले. पाटलांकडची माणसं चार, वयं मला पाठ. मातृभाषेच्या रकान्यात चौघांसमोर मराठी लिहिलं आणि मोकळी झाले.

कागद जमा केल्यावर आठवड्यानं मी ओट्यावर बसून फुशारकीनं भाभींना सांगितलं, तुमचं मीच भरलं, तुमच्याकडे विचारायचं काय होतं! त्यांनी हातातलं ताट खाली ठेवलं. भाषेचं काय लिहिलंत, म्हणाल्या. मराठी, मी म्हटलं. अक्का आत आहेत ना, ते बघून त्या हळूच म्हणाल्या, "माले कोन्ही इचारं नही. तुम्हीन बी नही इचारं."

त्या दिवशी मला कळलं की लताभाभी ओडिशाच्या. सुधाकरभाऊंना इकडे मुलगी मिळत नव्हती. तिकडे ओळख असलेल्या कोणा मध्यस्थानं हे लग्न जुळवलं. एकोणीस वर्षांची मुलगी दोन दिवस रेल्वेनं प्रवास करून आली ती आलीच, माहेरी परत गेली नाही. लिहिता येत नव्हतं, पत्ता नीट ठाऊक नव्हता. पुढे तिकडून कोणी आलं नाही आणि इकडून कोणी गेलं नाही. लता हे नावही इथलंच. मुलगा झाला तेव्हा त्या त्याला आपल्या भाषेत गाणी म्हणायच्या. अक्का वाईट नव्हत्या, पण म्हणाल्या, पोराला वेडंवाकडं शिकवू नको, शाळेत मागे पडेल. भाभींनी गाणी बंद केली. बंगाली आणि त्यांची भाषा एक नाही, पण कानाला जवळची. पायरीवर बसलं की चार शब्दांतला एखादा ओळखीचा निघायचा, तेवढ्यासाठी त्या रिक्षा करून जात होत्या.

आणि मग त्या जे बोलल्या ते मी विसरायचं म्हटलं तरी विसरू शकत नाही. "मनी माय सपनमां येस ना, ती बी आते अहिरानीच बोलस."

लाज वाटली मला स्वतःची. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तडक कार्यालयात गेले. तिथला माणूस सज्जन होता, पण कागदांचे गठ्ठे बांधून पुढे गेले होते. म्हणाला, मॅडम, आता काही होणं नाही, आणि एका बाईनं एवढ्या मोठ्या आकड्यात काय फरक पडतो? मी घरी आले. भाभी फाटकातच उभ्या होत्या, त्यांचा चेहरा बघितला आणि माझ्या तोंडून खोटंच निघालं. म्हटलं, दुरुस्त केलं, ओडिया लिहिलं. त्यांचे डोळे असे भरून आले की मला तिथून पळून जावंसं वाटलं. मग त्यांनी विचारलं, "मनामायक आखो कितल्या बाया शेतस गावमां?"

त्यांच्यासारख्या आणखी किती बायका गावात आहेत, हे मला कुठे माहीत होतं! पण एक खोटं बोललं की दुसरं आपोआप येतं. असतील चार-पाच, मी म्हटलं.

झालं, त्या चार-पाच जणींना शोधायला लागल्या. बाजारात, दवाखान्यात, बसस्टँडवर, परकी वाटणारी बाई दिसली की जवळ जाऊन उभ्या राहायच्या. कधी बिहारची निघायची, कधी छत्तीसगडची, एकदा तर धरणगावचीच निघाली आणि त्यांच्यावर खेकसली. दर वेळी घरी येऊन मला सांगायच्या, आज नाही सापडली, पण गाव मोठं आहे. मी हूं हूं करायची. आज सांगू, उद्या सांगू, असं करत वर्षं गेली. खरं सांगायचं धैर्य मला झालं नाही, हे कबूल करते.

शेवटी सापडली ती धुळ्यात. सोनगीरला सासरच्या एका लग्नात पोळ्या लाटताना कोणीतरी बोललं की धुळ्याच्या एका गल्लीत ओडिशाकडचीच एक सून आहे. भाभींनी माझ्याजवळ हट्टच धरला. अक्का तोवर वारल्या होत्या, सुधाकरभाऊंनी हो म्हटलं. मी रजा टाकली आणि आम्ही दोघी एसटीनं निघालो. धुळ्यापर्यंत भाभी ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होत्या. एकच वाक्य, पुन्हा पुन्हा.

ती बाई दारात आली. भाभींच्याच वयाची, तशीच पाचवारी साडी, तसाच पदर खोचलेला. भाभींनी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "तुम घर केउँठि?" तुझं घर कुठे, एवढाच त्याचा अर्थ. त्या बाईनं दाराची चौकट धरली. दोन-तीन शब्द आले, मग अडकली. आणि मग रडत रडत म्हणाली, "बठ्ठं इसरी गऊ वं माय."

ती सगळं विसरून गेली होती, आणि भाभींनाही पुढचं वाक्य येईना. दोघी चटईवर समोरासमोर बसल्या. मिठाला काय म्हणायचे, ते एकीला आठवलं. एक ते दहा दोघींनी मिळून मोजले, सातापाशी अडल्या, पुन्हा सुरुवात केली. मग पोरांचं, सासरचं, गुडघेदुखीचं बोलणं निघालं आणि ते अहिराणीतच झालं. तासाभरानं त्या घरची माणसं जेवायला आली, तशा आम्ही उठलो.

परतीच्या एसटीत पारोळा गेलं. मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं, की कागद दुरुस्त झालाच नव्हता, तिथे अजून मराठीच आहे, आणि चार-पाच बायका मी मनानं सांगितल्या होत्या. मला वाटलं, आता तरी चिडतील. चिडाव्यात, असं मनापासून वाटत होतं, कुठल्याही भाषेत.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या म्याडम. मराठीच ऱ्हाऊ द्या. आते ते खोटं नही."