सतरंजीवरून उठताना

मनू, लांब असलीस तरी जरा जवळ ये आणि ऐकून घे. सातव्या महिन्यातली बाई अशी वाकते का गं? परवा तुझ्या डोहाळजेवणात ओटी भरायला पहिला मान आजीचा म्हणून मला बोलावलं, आणि सतरंजीवरून मला उठताच येईना. हात टेकले, गुडघा पुढे घेतला, तरी बूड हलेना. शेवटी अंगावरचे फुलांचे दागिने सावरत तूच वाकलीस आणि मला हात दिलास. तुझी मावशी म्हणाली, "दिवस नक्की कुणाला गेलेत?" सगळ्यांबरोबर मीही हसले, पण मान काही वर झाली नाही.

इथल्या माझ्या डॉक्टरीणबाई सांगत होत्या, अंगातल्या प्रत्येक पेशीत एक बारीकशी चूल असते. वयाबरोबर ती मंदावते, पण डाळी-उसळी पोटात गेल्या, रोज हातपाय हलवले, की बरीचशी धग टिकते. तू फोनवर विचारतेस, "आजी, जेवलीस का?" मी चहात टोस्ट बुडवत "हो" म्हणते आणि खुर्चीत बसून राहते. तुझ्या पोटात नव्या चुली पेटताहेत, आणि इथे मी माझ्या चुली आपल्याच हाताने विझवतेय. लाज वाटते गं.

आज ओट्यावर मटकीला मोड आलेत. एवढ्याशा दाण्यांनी ओलं फडकं वर उचलून धरलंय. ते बघून मी भिंतीला धरून उठले, बसले, परत उठले.

बाळाला घेऊन लवकर ये. सतरंजीवरच माझ्या मांडीत दे. परत घ्यायला वाकलीस तर बाळाला घे, मला हात देऊ नकोस.