मी यांना सोडवून आणलं

मंगरूळपीरच्या उरुसात बोलपटाचा तंबू आला, तेव्हा हे अकोल्याच्या तुरुंगात होते. बेचाळीसच्या चळवळीत तारायंत्राच्या तारा तोडल्या म्हणून धरलेले. माफी लिहून दिली तर सोडतात, असं दीर सांगत. हे लिहून देत नव्हते. सासूबाईंनी देव पाण्यात घातले होते. मी आपली कामं उरकत होते. मनात काही हालतच नव्हतं.

जाऊबाईंनी ओढूनच बोलपटाला नेलं. बायकांची बसायची जागा पडद्याच्या मागे, त्यामुळे आम्हाला सगळं उलटं दिसे. राजा तलवार डाव्या हातानं उपसायचा. बोलपट कसला, संगीत नाटकच उचलून कॅमेऱ्यापुढे ठेवलेलं. माणूस मरायला टेकला तरी आलाप पुरा केल्याशिवाय मरत नव्हता! राजानं नायिकेच्या नवऱ्याला कोंडलेलं, आणि बायको पुरुषाच्या वेषात तिथंच पहारेकरी झालेली. शेवटी ती त्याची बेडी काढते, दरवाजा उघडतो, सगळे कैदी उजेडात येतात आणि नवराबायको मिळून गातात. तंबूभर मुसमुसणं चाललं होतं. जाऊबाईंचा पदर ओला झाला. माझ्या डोळ्यांत टिपूस नव्हता. पडद्यावरची ती बायको घरी बसून राहिली नाही, एवढंच मी पाहिलं.

आठ दिवसांनी दीरांबरोबर अकोल्याला गेले. जाळीपलीकडे हे उभे होते, गालफडं बसलेली.

"आईचं काही खरं नाही," मी म्हणाले. "घासभर बी पोटात जात नाही. तुमी सही करून टाका."

सासूबाई त्या वेळी घरी ज्वारी निवडत बसल्या होत्या.

यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "करतो."

महिन्याभरात हे घरी आले. सासूबाई ओसरीवर ठणठणीत. हे त्यांच्या पाया पडले, हातपाय धुतले, जेवले. मला एका शब्दानं विचारलं नाही. एकदा तरी ओरडतील, हात उगारतील, म्हणून मी वाट पाहत राहिले. तेही झालं नाही. देवळात चारचौघांत भजनाला जाणं मात्र यांनी सोडलं.

पुढे यांच्याबरोबर धरलेले, माफी न लिहिलेले बाकीचे सुटून आले. गावानं वाजतगाजत मिरवणूक काढली, गळ्यात हार घातले. आमच्या दारावरूनच गेली ती. हे अंगणात बैलांसाठी कडबा तोडत होते, मान वर न करता. मला राहवलं नाही.

"मी खोटं बोलली होती तुमच्यापाशी," मी म्हणाले. "बोला ना मले काहीतरी."

"तुले काय बोलू?" हे म्हणाले. "तू खोटं बोलून राह्यली, ते मले जाळीतूनच समजलं होतं. मले बी घरीच यायचं होतं."

एवढं बोलून यांनी कडब्याची दुसरी पेंढी पुढे ओढली.