झाळलेला वॉल्व्ह

आज माझ्या कुकरचा सेफ्टी वॉल्व्ह उडाला. मी तडक नवा आणला, पण त्या जळक्या वासानं आमचं विक्रोळीचं स्वयंपाकघर समोर उभं केलं.

आई मोठ्या कुकरात आमरसाच्या बाटल्या लावत होती, वर्षभर टिकाव्यात म्हणून. वॉल्व्ह आदल्याच दिवशी उडालेला.

"अहो, नवीन आणा ना."

"कशाला? भोक कथील ओतून, झाळून बंद केलंय. काही होत नाही गं."

आणि हे बाबा कारखान्यात बॉयलरचे वॉल्व्ह तपासायचे! तेव्हा मला त्यांच्या कारागिरीचं कौतुक वाटलं होतं. आज आठवलं तरी डोकं फिरतं. आईनं गॅस पेटवताच बाबांनी पेपर उचलला, मला हाताला धरून गॅलरीत नेलं आणि स्वयंपाकघराचं दार मागे ओढून घेतलं.

आई आतच होती.